लोरिसचं दुसरं बोट

सर, तुमच्या लोरिसच्या चित्रातलं ते बोट मी वाढवलं होतं. तुम्हाला ते कळलं होतं याची मला खात्री आहे, पण माझ्या तोंडून तुम्ही ते कधी ऐकलं नाहीत, आणि तुम्हाला जाऊन आता वीस वर्षं उलटून गेली. आज लिहायला बसले त्याला कारण आहे. तुमच्या चित्रांचं प्रदर्शन भरतंय, आणि प्रत्येक चित्राखालच्या चार ओळी मी लिहायच्या असं ठरलं, कारण तुमच्या हाताखाली अकरा वर्षं काढलेली आणि अजून हातात पेन धरणारी मीच एक उरले आहे. बाकी सगळ्या चित्रांचा मजकूर लिहून झाला. लोरिसचा राहिलाय, आणि तो आज संध्याकाळपर्यंत द्यायचाय. प्रदर्शन मांडणारी मुलगी गुणी आहे, लोरिस या प्राण्यावरच संशोधन करते, नागपूरकडची आहे. काल चहा पिता पिता म्हणाली, "मॅडम, हे एक ड्रॉप करू या का? बोट चुकलंय ना त्यात. नाही तर असं लिहू, सरांचं एकमेव चुकलेलं चित्र. लोकांना क्यूट वाटेल." क्यूट! चहा तसाच ठेवून मी "बघते" म्हणाले आणि घरी निघून आले.

तिचं काय चुकलं म्हणा. चित्राखाली तुमची सही आहे आणि बोट धडधडीत चुकलंय. ते चुकवलं कुणी, हे मी सोडून कुणाला ठाऊक आहे?

तुमच्याकडे आले तेव्हा मी चित्रकलेचा डिप्लोमा घेऊन, नाक वर करून आले होते. सदाशिव पेठेतल्या त्या दोन खोल्या, खाली टायपिंगचा क्लास, त्यामुळे तुमच्याकडे बसलं की दिवसभर पायाखाली खडखडाट. पुढच्या खोलीत खिडकीशी तुमचं टेबल, मागच्या खोलीत काकूंचं स्वयंपाकघर, आणि मध्ये दार नाही, नुसता पडदा. पहिल्याच दिवशी तुम्ही माझ्यापुढे पेंढा भरलेली खार ठेवलीत आणि काढ म्हणालात. तासाभरात मी झकास खार काढली. शेपूट तर अशी झुपकेदार की बघत राहावं. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून विचारलंत, "पुढच्या पायाला बोटं किती?" मी म्हणाले, पाच. "मोजलीत?" मी खारीच्या पायाशी वाकले. "चार आहेत. मागच्या पायाला पाच. बाई, ही तुम्ही बघून काढली नाहीत, शाळेत असताना काढायचात ती काढलीत." पडद्यामागून काकू हसल्या ते मला स्वच्छ ऐकू आलं. त्या दिवशी तुम्ही मला अहोजाहो केलंत, दुसऱ्या दिवसापासून अगंतुगं. तुम्ही रागावलात की अहोजाहो करता हे मला पुढे कळलं.

त्या खोलीचे नियम भिंतीवर लिहिलेले नव्हते, पण मोडायची कुणाची टाप नव्हती. आधी कार्ड, मग कागद. प्राणी समोर आला की पोस्टकार्डाएवढ्या कार्डावर त्याची मापं लिहायची, बोटं, नखं, दात सगळं मोजून शब्दांत लिहायचं, आणि कार्ड खोक्यात गेल्याशिवाय पेन्सिलीला हात लावायचा नाही. चित्र पुरं झालं की वरच्या कडेला ट्रेसिंग पेपर डकवायचा. कुणाला काही शंका असेल, काही चुकलंसं वाटत असेल, तर ते त्या ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलीने लिहायचं. मूळ चित्राला, दुसऱ्याच्या चित्राला, ब्लेड लावायचं नाही. काही झालं तरी नाही. आणि तिसरं तुम्ही उदमांजराच्या वेळी शिकवलंत. संग्रहालयातल्या त्या उदमांजराचा एक कान फाटका होता आणि मी तो मोठ्या निष्ठेने फाटकाच काढला होता. तुम्ही म्हणालात, "अगं, ह्याला कुणीतरी चावलं असेल. ह्या एकट्याचं दुखणं अख्ख्या जातीच्या माथी कशाला मारतेस?" ते वाक्य मी इतकं मनावर घेतलं की पुढे त्यानेच मला खड्ड्यात घातलं.

लोरिसची बरणी आणायला आपण तुमच्या स्कूटरवरून गेलो होतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून ती पंधरा दिवसांच्या बोलीवर मिळाली होती. येताना मी मागे बसून दोन्ही हातांनी ती मांडीवर धरली होती आणि तुम्ही प्रत्येक खड्ड्याआधी "धर हं!" असं ओरडत होता. घरी आल्यावर काकूंनी कमरेवर हात ठेवून सांगितलं, "ते ध्यान माझ्या लोणच्यांशेजारी ठेवायचं नाही. एकदाच सांगते." म्हणून ते ध्यान तुमच्या टेबलावर बसलं. बरणीत फॉर्मलिन, त्यात पिवळट पडलेलं, गुडघे पोटाशी घेतलेलं एवढंसं माकड. मला तर किळस आली होती. तुम्ही मात्र खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसलात आणि बरणी हळूहळू फिरवत बघत राहिलात. मग उठून स्वयंपाकघरात गेलात, काकूंच्या नाकावर टिच्चून पाव किलो पोह्यांचं पाकीट घेऊन आलात आणि माझ्या तळहातावर ठेवलंत. "एवढंच. जिवंतपणी अख्खा प्राणी एवढाच भरतो, डोळ्यांसकट. आणि आपल्याच घराण्यातला आहे. अंगठा बघ, कसा बाजूला वळलाय."

मग तुम्ही बोलत गेलात आणि मी कार्ड लिहीत बसले, तुमचं नव्हे, माझं सरावाचं. शरीर वीतभर, फार तर वीत आणि दोन बोटं. शेपूट नावालाही दिसत नाही. हातपाय पेन्सिलीएवढे बारीक, आणि पुढचे-मागचे जवळपास सारख्या लांबीचे, कारण त्याला उड्या मारायच्याच नसतात, फांदीवरून एकेक पाऊल टाकत जायचं असतं. कान मोठे, पातळ, उजेड आरपार जाईल असे. डोळ्यांभोवती गडद कडी आणि दोन डोळ्यांच्या मधून नाकापर्यंत उतरणारी पांढरी रेघ. सगळ्या बोटांना आपल्यासारखी चपटी नखं, फक्त मागच्या पायाच्या दुसऱ्या बोटाला टोकदार नखी. त्या नखीवर तुमचा केवढा जीव! "फणी आहे ती, फणी! केस विंचरायला पायात फणी घेऊन जन्माला येतो लेकाचा. तुझी दर महिन्याला हरवते." दक्षिणेकडच्या सह्याद्रीत हा झाडावर राहतो, रात्रीचा किडे धरून खातो आणि माणूस दिसला की तोंड लपवतो म्हणून लाजवंती म्हणतात, हे सांगताना तुम्ही स्वतःच लाजल्यासारखे हसायचात. आपण दोघांनीही जिवंत लोरिस कधी पाहिला नव्हता.

बरणीतले डोळे दुधाळ झाले होते. तुमच्याही एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, हिरवी पट्टी जाऊन महिनाही झाला नव्हता. काकू ओरडत होत्या, पण तुम्ही भिंग घेऊन बसलातच. ठिपक्या-ठिपक्यांनी चित्र भरायची तुमची पद्धत, त्यात एकेका डोळ्याला तुम्हाला दोन-दोन दिवस लागले. मी अजून ते डोळे बघते. नुसत्या काळ्या शाईच्या ठिपक्यांतून ओले, तपकिरी, घाबरलेले डोळे कसे उमटतात हे मला आजवर जमलेलं नाही. कधी बरणीत न दिसलेली ती नजर तुम्हाला कुठून सापडली कोण जाणे. मी इतकी वर्षं मुलांना शिकवते, त्यांना तेच चित्र दाखवते आणि म्हणते, असं जमलं तर माझ्याकडे या पेढे घेऊन.

आणि त्याच चित्राला मी हात लावला. शाळांसाठी सह्याद्रीतल्या प्राण्यांच्या तक्त्यांचा संच होता तो. दुसऱ्या दिवशी चित्रं छापखान्यात जायची होती. दुपारी तुम्ही काकूंबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेला होता आणि मला सगळी चित्रं बांधून ठेवायला सांगितलं होतं. लोरिसचं चित्र बघताना मी थबकले. दोन्ही हातांची तर्जनी, अंगठ्याशेजारचं बोट, एवढासा खुंट. बाकीची बोटं लांब आणि मध्ये हा खुंट. मी बरणी उजेडात धरली. डाव्या हाताला खरंच तसा खुंट होता. उजव्या हाताची घट्ट मूठ, काही दिसत नव्हतं. मग माझं डोकं चाललं. म्हटलं, ह्या बिचाऱ्याचं एका हाताचं बोट मोडलंय आणि सरांनी ते न बघताच दुसऱ्या हातालाही लावून टाकलं! उदमांजराचा कान फाटका काढला म्हणून मला झापणाऱ्या माणसाने! आदल्याच आठवड्यात छापखान्यात कुणीतरी कुजबुजताना मी ऐकलं होतं, "सरांचे डोळे गेले आता, संपलं." ते माझ्या जिव्हारी लागलं होतं. तुम्हाला कुणी हसू नये असं मला मनापासून वाटत होतं. हे खरं आहे. पण तेवढंच खरं नाही. प्रेम होतं तसा माजही होता. सरांची चूक मला सापडली, याने मला गुदगुल्या झाल्या होत्या. अर्धं ब्लेड घेऊन मी खुंटाची टोकं खरवडली आणि तुमच्याच पेनने दोन्ही हातांना छान, तीन पेरांची, नखं असलेली बोटं काढली. ठिपके असे बेमालूम बसवले की मलाच माझं कौतुक वाटलं. ट्रेसिंग पेपर होता, पेन्सिल होती, एक ओळ लिहून तुम्हाला विचारायचं होतं फक्त. कार्डांचं खोकं हाताच्या अंतरावर होतं. मी उघडलं नाही.

तक्ते छापून आले आणि एका शाळेच्या हॉलमध्ये छोटासा समारंभ झाला. मी पेढ्यांचं ताट घेऊन फिरत होते. पाहुणे म्हणून आलेले प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक तक्त्यांपुढून हळूहळू सरकत होते. लोरिसपुढे थांबले, वाकले, आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "वा! बाकी प्राणी सह्याद्रीतले आहेत. हा हात तेवढा सदाशिव पेठेतला दिसतो." हॉलभर हशा. मग त्यांनी समजावून सांगितलं, की लोरिसची तर्जनी जन्मतःच आखूड असते, दोन्ही हातांची. ती मध्ये येत नाही म्हणूनच अंगठा आणि उरलेली बोटं चिमट्यासारखी फांदी पकडू शकतात, तासन्‌तास. तुम्ही तक्त्याजवळ गेलात. भिंग काढलंत. एवढा वेळ बघितलंत की लोकांचं हसू थांबलं. मग तुम्ही मागे वळलात, माझ्याकडे बघितलंही नाहीत, आणि म्हणालात, "बरोबर आहे तुमचं. बोट चुकलंय. खाली सही माझी आहे, चूक माझी."

मी तिथेच उभी होते, तुमच्यापासून चार पावलांवर. तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी कामावर आले तर माझ्या टेबलावर ट्रेसिंग पेपरची अख्खी नवी गुंडाळी. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "तुमच्यासाठी आणलाय. भरपूर आहे, वापरत चला." अहोजाहो! बस, एवढंच. त्यानंतर त्या बोटाबद्दल तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत. दुपारी काकूंनी थालीपीठ दिलं तेव्हा तुम्ही नेहमीसारखा तुमच्यातला लोण्याचा गोळा माझ्या ताटलीत सरकवलात आणि पुन्हा अगंतुगं सुरू झालं. मला वाटलं, संपलं. पण संपलं नव्हतं. पुढच्या वर्षी पक्ष्यांच्या तक्त्यांचं काम निघालं, ज्याची तुम्ही किती वर्षं वाट बघत होता, आणि ते दुसऱ्या चित्रकाराकडे गेलं. सरांची नजर आता भरवशाची नाही, असं बोललं गेलं. तुम्ही काकूंना म्हणालात, "बरं झालं, डोळ्यांना विश्रांती." आणि खिडकीबाहेरच्या तारेवरचा कोतवाल पक्षी काढत बसलात, कुणी न मागितलेला. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. एक वाक्य होतं, सर. मी रोज ते घेऊन जिना चढायचे आणि रोज तसंच घेऊन उतरायचे. मग तुमचं दुखणं आलं, आणि आजारी माणसाला कशाला त्रास, अशी मी सोयीस्कर समजूत करून घेतली.

तुम्ही गेल्यावर काकूंनी त्या खोल्या सोडल्या तेव्हा कार्डांचं खोकं मला दिलं. "तुझंच आहे हे, दुसरं कोण वाचणार ह्यांचं अक्षर?" घरी आणून मी पहिलं लोरिसचं कार्ड शोधलं. तुमच्या त्या मुंग्यांसारख्या अक्षरात लिहिलंय: "दुसरे बोट अतिशय आखूड, जवळजवळ खुंट. डाव्या हाताचे पाहिले. उजवी मूठ उघडत नाही, जोर केल्यास मोडेल. दुसऱ्या कॉलेजात जाऊन तेथील नमुना पाहिला, दोन्ही हात तसेच. मोडलेले नाही. जातीचेच." डोळ्याची पट्टी निघून महिनाही झाला नसताना तुम्ही त्या एका बोटासाठी बस बदलत गावाच्या दुसऱ्या टोकाला गेला होता. मला सांगितलंही नव्हतंत. तुम्हाला त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नसणार.

गेल्या आठवड्यात ही मुलगी मला कात्रजचा घाट ओलांडून पलीकडे घेऊन गेली. सुटका केलेल्या प्राण्यांना तिथे ठेवतात. कुणीतरी काळ्या जादूसाठी धरून आणलेला एक लोरिस त्यांच्याकडे आला होता. आता बरा झालाय, लवकरच त्याच्या जंगलात सोडतील. अंधाऱ्या खोलीत एक मिणमिणता लाल दिवा, आणि बांबूच्या काठीवर तो. सर, तो आला. पळत नाही, उडी नाही, एक हात सुटला, पुढे आला, त्याने काठी धरली, मग मागचा पाय. काठी जराही हलली नाही. डोळे तुम्ही काढलेत तेच. तंतोतंत तेच! मुलगी माझ्या कानाशी म्हणाली, "मॅडम, तो तुमच्याकडेच पाहून राहिला." मी त्याचा हात बघत होते. अंगठा काठीच्या एका बाजूला, तीन बोटं दुसऱ्या बाजूला, आणि मधे तो एवढासा खुंट, निवांत, बाजूला सरलेला. माझं लांब बोट तिथे असतं तर त्या काठीवर आडवं आलं असतं. पाव किलोच्या जिवाचा हात, आणि त्यात काही कमी नाही, काही जास्त नाही. मला भरून आलं. तेवढ्यात ती म्हणाली, "सरांनी असा जिवंत पाहिला असता ना, तर नसते चुकले ते." मी अंधारात होते, हे माझं नशीब. तेव्हाही मी मूग गिळून बसले.

आज सकाळपासून चार कागद फाडले. पहिल्यात सगळा दोष छापखान्यावर गेला होता, दुसऱ्यात एका साहाय्यकावर, जणू ती कुणी परकी बाई होती. शेवटी जे लिहिलं ते असं: "या चित्रातली दोन्ही हातांची तर्जनी सोडून सर्व काही सरांचे आहे. त्यांनी ती आखूड, म्हणजे अचूक काढली होती. त्यांच्या माघारी मी ती लांब केली, आणि त्यांनी चूक स्वतःवर घेतली तेव्हा मी गप्प राहिले." खाली माझं नाव. शेजारी तुमचं कार्ड लावायचं. फोटो काढून मुलीला पाठवलं. पाच मिनिटांत तिचा फोन आला. मजकूर तिने मला परत वाचून दाखवला. मग म्हणाली, "मॅडम, असंच लावू? तुमच्या नावासकट?" मी म्हणाले, "असंच. आणि अक्षर मोठं ठेव, म्हाताऱ्या माणसांना वाचता आलं पाहिजे."

हे पत्र कुठे पाठवायचा प्रश्नच नाही. म्हणून जे भिंतीवर लिहायचं धाडस झालं नाही ते इथे लिहिते. त्या हॉलमध्ये तुम्ही "चूक माझी" म्हणालात तेव्हा मला रडू आलं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. रडले मी घरी गेल्यावर. तिथे, हातात पेढ्यांचं ताट धरून उभी असताना, मला हायसं वाटलं होतं, सर.